बियाला ठेवलेले फळ

माघ सरत आला की वऱ्हाडातील थंडीचा जोर ओसरतो. पहाटे अजून घोंगडी लागते, पण दुपारी उन्हात उभे राहवत नाही. ज्यांच्या विहिरीला गोडे पाणी आहे असे अमरावती-अकोल्याकडचे शेतकरी याच सुमारास उन्हाळी भाजीपाल्याची आळी करावयास घेतात. लवकी, दोडके, कारले, काकडी, ढेमसे हे वेल. भेंडी, गवार, बरबटी ही झाडे आणि शेंगा. वेलांच्या बियांना थंडी मानवत नाही. जमीन गार असली तर त्या आत राहूनच कुजतात. म्हणून जाणती माणसे घाई करीत नाहीत. बी रात्रभर पाण्यात भिजत घालतात, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवतात आणि मग एकेका आळ्यात दोन-दोन, तीन-तीन बिया टोबतात. पुढे रोपे वर आली की त्यांतले जोमदार तेवढे ठेवून बाकीची उपटून टाकतात.

हे सारे ज्याला शेतीची ओळख आहे त्याला ठाऊकच आहे. आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्या आधीच्या गोष्टीचा. हातात घेतलेले हे बी आले कोठून? ते गेल्या वर्षी कोणीतरी न खाल्लेल्या फळातून आले. वेलाला पहिलीवहिली निकोप काकडी धरली म्हणजे घरातली म्हातारी तिच्या देठाशी चिंधी बांधून ठेवते. लेकरू तोडावयास हात पुढे करते, तो ती ओरडते, "हात नोको लावू रे बाप्पा, थे बियाले ठेवली हाये!" लेकरू विचारते, "काहून व आजी? येवढी मोठी काकडी कोनासाठी?"

सज्जनहो, लेकराचा हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. वेलावरच्या सर्वांत चांगल्या फळावर चौघांचा हक्क असतो. पोट म्हणते, मला दे. बाजार म्हणतो, हंगामाच्या आरंभी भाव चढा आहे, मला दे. देवघर म्हणते, पहिले फळ माझे. आणि चौथा हक्कदार काहीच म्हणत नाही, कारण तो अजून जन्मालाच आला नाही. पुढच्या वर्षीचा वेल तो. या चौघांत खरा अधिकार कोणाचा, हा आजचा विषय आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की बियाला फळ ठेवणे म्हणजे एकाच फळाचा त्याग नव्हे. काकडी आपण कोवळी तोडतो. तोडीत राहिलो तर वेल पुन्हा पुन्हा फुलतो व फळतो. पण एक फळ पिवळे पडून पूर्ण पिकेपर्यंत वेलावर राहू दिले, की वेलाचे सारे लक्ष त्या फळातील बियांकडे लागते व नवी फळे धरणे मंदावते. भेंडीचेही तसेच. शेंग वाळू दिली की झाड आवरते घेते. म्हणजे बियाला एक फळ ठेवणारा त्या वेलाची पुढची कित्येक फळे सोडून देत असतो. हा खर्च खरा आहे, आणि तो ज्याला परवडत नाही त्याला तो दिसतोही.

म्हणूनच मनुष्य येथे एक पळवाट काढतो. चांगली फळे खावी-विकावी, आणि हंगाम सरताना वेलाच्या शेंड्याला जी वाकडी-तिकडी, किडकी, उरलीसुरली राहतात ती बियाला सोडावी. यात कोणाची चोरी नाही, कोणाशी खोटे बोलणे नाही. पण याचा हिशेब बी ठेवते. दोन-तीन वर्षे असे केले की वाण हटते. वेल खुरटे, फळ लहान, आणि घरधनी म्हणतो की आताशा जमिनीतच काही राहिले नाही! आपण दुसऱ्याला देताना जे उरेल ते देतो, आणि स्वतःसाठी जे उत्तम ते ठेवतो, ही जी मनाची सवय आहे तिची परीक्षा कोठे व्हावयाची असेल तर ती बियाच्या फळात होते. तेथे देण्याचे सोंग चालत नाही.

आता कोणी शंका घेईल, यात परमार्थ तो काय? हा तर शुद्ध व्यवहार झाला. व्यापारी भांडवल बाजूला काढतो तसा शेतकरी बी बाजूला काढतो. पुढच्या वर्षी त्याचेच वावर, त्याचेच फळ. याला त्याग म्हणणे म्हणजे आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकलेल्या पैशाला दान म्हणणे होय.

शंका रास्त आहे. तिचे समाधान करण्यासाठी आधी नदीकाठी जाऊ. वर्धा नदीचे व पूर्णेचे पात्र पावसाळ्यानंतर उघडे पडते, आणि त्या वाळूत भोई-कहार समाजाची माणसे डांगरवाडी लावतात. वाळूत खड्डे घेऊन त्यांत खत घालतात, टरबूज-डांगराचे बी लावतात आणि फाल्गुन-चैत्रात फळ बाजारात आणतात. ही जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. ज्येष्ठ-आषाढात पूर आला की आळी, बांध, झोपडी, सारे वाहून जाते. वारकरी पंढरीच्या वाटेला लागलेले असतात त्या दिवसांत या शेतीचा मागमूसही उरत नाही. पुढच्या वर्षी वाळू कोठे साचेल, पाणी कोणत्या बाजूने वळेल, हे कोणी सांगू शकत नाही. उरते ते फक्त घरात गाडग्यात ठेवलेले बी. ज्याचे वावर पक्के आहे त्याला वाटते की माझे बी माझ्या शेतातून आले व माझ्या शेतात जाईल. डांगरवाडीवाल्याला हा भ्रम होऊच शकत नाही. जमीन आपली नाही आणि बी तेवढे आपल्या सांभाळात आहे, हे त्याला दर आषाढात नव्याने कळते. खरे पाहता आपल्या सर्वांचीच स्थिती ती आहे. त्याचा पूर दरसाल येतो, आपला एकदाच यावयाचा आहे.

पण शंका अजून पुरती फिटली नाही. बी तरी 'माझे' आहे की नाही? येथे वनस्पतिशास्त्र जे सांगते ते भाविकाने कान देऊन ऐकावे. लवकी, काकडी, दोडके, कोहळे यांची नर फुले वेगळी व मादी फुले वेगळी. पराग एका फुलातून दुसऱ्यात जातो तो मधमाशीच्या किंवा पाखराच्या पायाने, आणि मधमाशीला धुरा कळत नाही. माझ्या वेलाच्या मादी फुलावर बसलेली माशी मघाशी शेजाऱ्याच्या वेलावर होती. म्हणून माझ्या वेलाच्या फळातील बियांची आई माझ्या वावरात असली तरी बाप शेजाऱ्याच्या वावरातला असू शकतो. चवळी, गवार, टोमॅटो यांचे असे नाही. त्यांचे बहुतेक फलन त्याच फुलात होते. पण वेलांच्या बाबतीत 'हे बी सर्वस्वी माझे' असे म्हणणाऱ्याने आधी माशीला विचारावे! ज्या वस्तूच्या उत्पत्तीतच शेजाऱ्याचा वाटा आहे ती शेजाऱ्याने मागितली असता नाही म्हणणे हा कृपणपणा तर आहेच, पण तो अज्ञानही आहे. मूठभर बी मागावयास आलेल्याला रित्या हाताने पाठवू नये, ही जी आपल्या खेड्यांतली जुनी समजूत, तिच्या मुळाशी माशीचे हे ज्ञान नसेल, पण निष्कर्ष तोच आहे.

याच माशीच्या फेऱ्यातून आणखी एक गोष्ट निघते. शेजारी कुठे कडू भोपळ्याचा वेल असेल, आणि त्याचा पराग माझ्या गोड लवकीवर पडला, तर माझी यंदाची लवकी गोडच राहते. कारण फळाचा गर हा आईच्या अंगाचा. कडूपणा शिरतो तो आतल्या बियांत, आणि प्रकट होतो पुढच्या वर्षीच्या वेलाला. संगतीचा परिणाम असाच असतो. लगेच चवीला येत नाही. म्हणून बी देणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. ज्या वेलाचे बी धरावयाचे त्याचे कोवळे फळ आधी जिभेला लावून पाहावे, कडू लागले तर थुंकून टाकावे आणि त्या वेलाचे बी घेऊ नये, देऊही नये. कडू लवकी ही नुसती बेचव नसते. तिच्यातील द्रव्य विषारी असून तिचा रस पोटात गेल्याने माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. खराब बी दान करण्यापेक्षा दान न करणे बरे. घेणारा वर्षभर पाणी घालतो, निंदणी करतो, आणि शेवटी त्याच्या ताटात आपला आळस पडतो.

जाता जाता एवढे सांगावे की खाण्याच्या उपयोगी नाही तो भोपळा अगदीच टाकाऊ नव्हे. वीणेचा आणि तंबोऱ्याचा भोपळा हा जाड सालीचा, न खाण्याच्या जातीचा. पंढरपूरच्या आसपास असे भोपळे मुद्दाम पिकवितात व ते मिरजेच्या वाद्ये करणाऱ्यांकडे जातात. वेलावरच तो पूर्ण वाळू द्यावा लागतो. त्याच्या पोटातले बी निघाले की तो पोकळ होतो, आणि पोकळ झाला की नादाला येतो. वीणेकऱ्याच्या खांद्यावर जे आहे तेही एक न खाल्लेले फळच आहे.

आता देवघराचा हक्क. काही भाविकांच्या मनात येते की पहिले फळ देवाला न देता वेलावर ठेवले तर देवाचा वाटा आपण पुढे ढकलला असे होईल. आपल्या संतमालिकेत प्रत्यक्ष मळ्यात राबणारे संत म्हणजे अरणचे सावता महाराज. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळचे हे माळी, इ. स. १२९५ मध्ये अरणलाच त्यांनी समाधी घेतली. ते पंढरीला गेले नाहीत, पंढरीनाथ त्यांच्याकडे आले, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. मळ्याचे काम आणि देवाचे काम अशी दोन कामे त्यांच्या लेखी नव्हतीच. मग जो मळ्यातच आहे त्याला मळ्यातून काढून देवघरात काय नेऊन द्यावयाचे? नैवेद्य अवश्य दाखवावा. पण विठोबाला तुळशीचे पान पुरते, त्याच्या घरी काकड्यांची टंचाई नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी स्वतःला सर्व भूतांचे सनातन बीज म्हटले आहे. तेव्हा बियाला ठेवलेले फळ हे देवाच्या वाट्यातून काढून घेतलेले नव्हे. नैवेद्य आपण दाखवितो आणि प्रसाद म्हणून आपणच खातो. येथे नैवेद्य आपण दाखवावयाचा आणि प्रसाद ज्यांची तोंडे आपण पाहणार नाही त्यांनी खावयाचा, एवढाच फरक.

येथपर्यंतचे बोलणे ज्याचे पोट भरलेले आहे त्याला पटेल. खरी अडचण पुढेच आहे. पोट रिकामे असेल तर? घरात आजारी माणूस, सावकाराचा तगादा, आणि वेलावर बाजारात दोन पैसे देणारे तेवढेच फळ! पैशाची निकड काय असते हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. अशा माणसाने बियाचे फळ तोडले तर ते पाप काय?

याविषयी जगाच्या इतिहासातील एक प्रसंग विचार करण्याजोगा आहे. १९४१ च्या सप्टेंबरापासून १९४४ च्या जानेवारीपर्यंत जर्मन सैन्याने रशियातील लेनिनग्राड शहराला वेढा घातला होता. अन्नावाचून तेथे लाखो माणसे मेली. त्या शहरात निकोलाय वाविलोव या शास्त्रज्ञाने देशोदेशी हिंडून जमविलेला बियांचा मोठा संग्रह होता. त्यात धान्ये होती, कडधान्ये होती, बटाट्याचे बेणे होते. वाविलोव स्वतः तेव्हा आपल्याच सरकारच्या कैदेत होते व १९४३ साली ते तुरुंगातच मरण पावले. त्यांच्या मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी तो संग्रह राखला. त्यांतले कित्येक उपासमारीने मेले. तांदळाचे वाण सांभाळणारा तांदळाच्या पुड्यांच्या गराड्यात मेला, पण पुडी फोडली नाही.

ही हकीकत ऐकून मान डोलावणे सोपे आहे. कीर्तनात सांगितली तर डोळ्यांना पाणी येईल. परंतु यातून 'भुकेल्याने बी खाऊ नये' असा नियम काढू गेलो तर आपण अन्याय करू. त्या माणसांनी जो निर्णय घेतला तो स्वतःच्या प्राणाविषयी घेतला. दुसऱ्याच्या भुकेविषयी तो घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. धनाढ्याने गरिबाला त्यागाचा उपदेश करणे हे परमार्थाच्या नावाने चाललेले फार जुने पाप आहे. भुकेल्या घराने बियाची काकडी तोडून लेकरांना दिली तर तेथे विठोबाच जेवला, असेच आम्ही म्हणू.

मग बियाचे काय? त्याचा भार ज्याला पेलतो त्याच्यावर जातो. बी राखणे हे एका घराचे व्रत म्हणून पाहिले की ते अडचणीच्या घराला जाचते. गावाचे व्रत म्हणून पाहिले की जाच राहत नाही. यंदा माझ्या घरी सुकाळ आहे तर मी चिंधी बांधीन. पुढल्या साली माझी विहीर आटली तर तुझ्या वेलाचे बी माझ्या आळ्यात येईल. आपल्याकडे हे निसर्गानेच शिकविले आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. तेथे विहिरीचे पाणी खारे. उन्हाळी भाजीला ते चालत नाही. त्या पट्ट्यातला शेतकरी आळशी म्हणून त्याच्या परसात माघात वेल नसतो काय? पाणी त्याच्या हाती नव्हते. तसेच गोडे पाणी ज्याच्या विहिरीला लागले त्याचाही त्यात पराक्रम नाही. ज्याला न मागता पाणी मिळाले त्याने न मागता बी राखावे.

राहता राहिला प्रश्न आजच्या काळाचा. आता बी दुकानातून पुडीत येते, आणि पुष्कळ ठिकाणी ते संकरित असते. दोन निवडक वाणांचा संकर करून पहिल्या पिढीचे बी विकतात. त्याला पीक भरघोस येते, सारखे येते, रोगालाही काही वाण चांगले टिकतात. पण त्या पिकाचे बी धरून पुन्हा पेरले तर दुसऱ्या पिढीत गुण फुटतात, एक वेल एकसारखा निघत नाही. म्हणून दरसाल नवी पुडी. जो भाजी विकून पोट भरतो त्याने संकरित बी लावले म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या उत्पन्नावर त्याची लेकरे शिकतात. कायद्यानेही शेतकऱ्याचा हात बांधलेला नाही. २००१ साली संसदेने केलेल्या पीक-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमात, शेतकऱ्याने आपल्या पिकाचे बी राखावे, पेरावे, देवघेव करावी, विकावेही, असा हक्क मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी छाप मारून मात्र विकता येत नाही.

म्हणजे हक्क आहे. पण हक्क वापरणारा हातच नसेल तर तो कागदावरच राहणार. अकोल्यालाच राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे केंद्र आहे. बियांचे नमुने जपणे हे त्या संस्थेचे काम, आणि ते मोलाचे आहे. परंतु शीतपेटीतले बी जसे ठेवले तसेच राहते. वावरात दरसाल पेरलेले बी त्या वावराचे ऊन, कीड, पाण्याची ओढ सोसून थोडेथोडे घडत जाते. ते घडविणे शेतकऱ्याच्याच हातून व्हावयाचे. नामसाधर्म्याची गंमत अशी की आमच्या अकोल्याशी नाव मिळतेजुळते असलेल्या, नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी वालाचे, भाज्यांचे, भाताचे गावठी वाण जमविले, पेरले आणि वाटले. २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. बी साठवून ठेवणाऱ्या पुष्कळ असतील. बाईंनी ते वाटले, यात विशेष आहे.

कारण साठविणे हाही लोभच होऊ शकतो. बी ही धनासारखी पुरून ठेवण्याची वस्तू नव्हे. कांद्याचे बी वर्षभरात निकामी होऊ लागते. काकडी-भोपळ्याचे चार-पाच वर्षे तग धरते. पुढे तेही मरते. जे दिले ते दुसऱ्याच्या वावरात जिवंत राहते, आणि आपले गेले तर तेथून परत मिळते.

तात्पर्य, चौघा हक्कदारांचा निवाडा असा. पोट भुकेले असेल तर पहिला मान पोटाचा, आणि त्यात दोष नाही. पोट भरलेले असेल तर उत्तम फळ बियाचे. देवाचा वाटा त्यातच आला, आणि बाजाराने उरलेले घ्यावे. ज्याला एका आळ्यापुरती जागा आणि दोन बादल्या पाणी आहे त्याने यंदाच्या माघ-फाल्गुनात एक तरी गावठी वेल लावावा. पुड्यांचे पीक बाकीच्या वावरात खुशाल घ्यावे. वेलाचे कोवळे फळ चाखून पाहावे, सर्वांत निकोप फळाला चिंधी बांधावी, ते देठापर्यंत वाळू द्यावे. बी काढल्यावर त्याचे तीन वाटे करावे: एक आपल्या आळ्याला, एक मागावयास येईल त्याला, आणि एक ज्या घरी यंदा बी उरले नाही अशा घरी स्वतः चालत जाऊन देण्यासाठी. तिसरा वाटा देताना उपकाराची भाषा तोंडी येऊ देऊ नये. त्या बियांतला अर्धा वंश कदाचित त्याच घरच्या वेलाचा असेल.

रामकृष्णहरि.